मदत हवी आहे : मॅमोग्राफीची तारीख जवळ आली की आईची झोप उडते (सोलापूर)

जुनीमिल_चाळ

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्याचं लिहिते.

आई, वय ५७, राहणं सोलापुरातच. डाव्या स्तनाचा कॅन्सर, स्टेज २, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह. गाठ काढून स्तन वाचवला, मग केमो, मग रेडिएशन. रेडिएशन संपून दीड वर्ष होत आलं. रोज लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) २.५ मिग्रॅ चालू. पहिली मॅमोग्राफी (स्तनांचा एक्सरे) स्वच्छ होती, दुसरी पुढच्या महिन्यात.

कॅलेंडरवर तारखेला गोल केला त्या दिवसापासून झोप नाही. दिवसातून दहादा हात काखेत जातो. सकाळी उठताना कंबर आणि बोटं धरली की "हाडात उतरलं असेल" सुरू. त्यात एका नातेवाइकांनी सांगून ठेवलंय, दरवर्षी पेट-सीटी (अख्ख्या अंगाचा स्कॅन) करून टाका, डोक्याला ताप नको.

तर प्रश्न असे : पेट करावं का? मॅमोग्राफी, रिपोर्ट आणि डॉक्टर यांच्या मधले दिवस कसे काढायचे? रिपोर्ट आधी घरी वाचावा का? आणि तिच्याशी बोलावं तरी काय? "काही होत नाही गं" म्हटलं की ती उलट चिडते.

क्ष_किरण

पेटचं आधी निकालात काढू. काही लक्षण नसताना दरवर्षी पेट-सीटी, बोन स्कॅन (हाडांचा स्कॅन) किंवा सीए १५-३ (रक्तातली कॅन्सरची खूण) करायची गरज नसते. पैसे वाचवायला सांगत नाहीये. इटलीत यावर दोन मोठे अभ्यास झाले, त्यांचे निकाल १९९४ साली प्रसिद्ध झाले. एका गटाचे ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्सरे, दुसऱ्या गटाची फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्यात फरक पडला नाही. पेट-सीटी त्यानंतर आलं, पण लक्षण नसलेल्या पेशंटसाठीचा सल्ला आजही तोच आहे.

आणि पेटने डोक्याचा ताप जातो हा गैरसमज आहे. इंजेक्शनमधून जाते ती किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर. जी पेशी साखर जास्त खाते ती चमकते, मग ती कॅन्सरची असो वा नसो. टीबीची गाठ चमकते, नुकतीच दंडात लस घेतली असेल तर काखेतल्या गाठी चमकतात, झिजलेला गुडघा चमकतो, किडलेल्या दाढेचं मूळही चमकतं. एकदा चमकलं की रिपोर्टात "कोरिलेट क्लिनिकली" (पेशंटच्या तपासणीशी ताडून बघा) लिहून येतं. मग सोनोग्राफी, मग सुई, मग पॅथॉलॉजीची वाट. एक काळजी घालवायला गेलात आणि तीन घेऊन आलात. बरं, पेट स्वच्छ आलं तरी त्याने येणारी शांतता दोन-चार महिने टिकते, मग पुढच्या पेटची ओढ लागते.

खरं वेळापत्रक असं : पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांकडून हाताने तपासणी, चौथ्या-पाचव्या वर्षी ६ ते १२ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. मॅमोग्राफी वर्षातून एकदा, दोन्ही स्तनांची. पूर्ण स्तन काढला असेल तर राहिलेल्या बाजूचीच. लेट्रोझोल चालू आहे म्हणून साधारण दोन वर्षांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता. बस.

आता मॅमोग्राफीचा दिवस. निम्मी धडकी तिथे काय चाललंय हे न कळल्याने भरते.

उन्हाळ्यात काखेत पावडर टाकल्याशिवाय सोलापुरात कोणी घराबाहेर पडत नाही, त्या दिवशी मात्र टाकू नका. डिओडरंटही नको. त्यातले कण फिल्मवर पांढरे ठिपके दिसतात, अगदी कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे, आणि मग पुन्हा फिल्म. साडी-ब्लाऊज किंवा कुर्ता-सलवार चालेल, अंगभर गाऊन नको; फक्त वरचं काढता आलं पाहिजे.

रेडिएशन झालेली बाजू घट्ट असते, दाबताना दुखते. टेक्निशियनला आधीच सांगा, "डाव्या बाजूला ऑपरेशन आणि रेडिएशन झालंय." प्लेट गार लागते, दाब काही सेकंदांचा असतो, "श्वास धरा" म्हणतील तेवढाच. प्रत्येक बाजूच्या दोन फिल्म ठरलेल्या. डाव्या बाजूची तिसरी-चौथी घेतली, किंवा पाठोपाठ सोनोग्राफीला बसवलं, तर आईंना तिथेच दरदरून घाम फुटेल. म्हणून घरातूनच सांगून न्या : टाक्यांच्या जागेची वेगळी, मोठी करून फिल्म घेणं हा ऑपरेशन झालेल्या बाजूचा नेहमीचा भाग आहे. टेक्निशियन गप्प असते कारण तिला निदान सांगायची मुभा नसते. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचायला जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, मागची सीडी आणि फिल्म बरोबर न्या. रिपोर्टचा नुसता कागद नव्हे. रेडिओलॉजिस्टला जुनं चित्र मिळालं तर "मागच्या वेळी होतं तसंच आहे" असं लिहिता येतं. नाही मिळालं तर जुनाच व्रण नव्याने संशयास्पद ठरू शकतो. एका विसरलेल्या पिशवीपायी लोक सहा महिने काळजी वागवतात.

जुनीमिल_चाळ

क्ष_किरण, फार आभार. सीडी कपाटातून काढून फाइलला लावली. रिपोर्ट केंद्राकडून मोबाइलवर येतो, तोही बहुधा रात्री. वाचायचा की नाही?

क्ष_किरण

आईंना विचारून आजच ठरवा : रिपोर्ट कोणाच्या नंबरवर यायचा, कोणी उघडायचा, त्यांना लगेच सांगायचं की डॉक्टरांसमोरच. त्या म्हणतील तसं. लपवालपवी नको, एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक रिपोर्टवरचा विश्वास जातो. रात्री आठनंतर आलेला रिपोर्ट सकाळी उघडायचा, हा नियम मात्र सगळ्यांनीच पाळावा. रात्री विचारायला कोणी नसतं, गुगल तेवढं जागं असतं.

उघडलात तर खालचं "इम्प्रेशन" आधी वाचा. तिथे बायरॅड्सचा (मॅमोग्राफीच्या निकालाच्या ठरलेल्या श्रेणीचा) आकडा असतो. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे निरुपद्रवी काही दिसतंय. ऑपरेशन झालेल्यांना बहुतेकदा हाच मिळतो. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सर निघायची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा. ४ म्हणजे सुईने तुकडा घेऊन तपासा. यातलेही बरेच साधे निघतात. ५ म्हणजे दाट संशय. ० पाहून लोक हबकतात, त्याचा अर्थ एवढाच की चित्र अपुरं आहे, आणखी फिल्म, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्म हव्यात.

वरच्या मजकुरातले शब्द घाबरवतात. "आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन" टाक्यांच्या जागी असेल तर तो व्रण. "फॅट नेक्रोसिस" म्हणजे मार, ऑपरेशन किंवा रेडिएशनने मेलेली चरबी. "स्किन थिकनिंग" रेडिएशनचं. "सिरोमा" म्हणजे साचलेलं पाणी. तुम्ही शोधायचा शब्द "स्टेबल" किंवा "अनचेंज्ड". तो दिसला की फोन खाली ठेवा.

होटगीरोड

मधल्या दिवसांबद्दल. सहन कसे करायचे हे नंतर बघू, आधी ते कमी करा. आपण उलट्या क्रमाने जातो : आधी मॅमोग्राफी, मग रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांची वेळ शोधत बसतो. त्याऐवजी डॉक्टरांची ओपीडीची तारीख आधी पक्की करा आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधीची मॅमोग्राफी घ्या. शुक्रवार-शनिवार टाळा, मध्ये रविवार नुसता बसून जातो. जानेवारीत येत असेल तर गड्ड्याच्या यात्रेचे दिवसही टाळा, सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूने गाडी काढणं म्हणजे वेगळी परीक्षा.

काउंटरवर विचारायचं : रिपोर्ट किती तासांत? सोनोग्राफी लागली तर त्याच दिवशी होईल का? सीडी मिळेल का? जुन्या फिल्म कोणाकडे द्यायच्या? उत्तरं कागदावर उतरवून घ्या. "उद्या देतो" आणि "उद्या संध्याकाळी सहानंतर देतो" यात आख्ख्या दिवसाच्या येरझाऱ्यांचा फरक आहे.

ज्यांची फाइल बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला किंवा परळच्या टाटाला आहे त्यांनी सोलापुरात मॅमोग्राफी करायची की तिथेच, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. बार्शी सत्तरेक किलोमीटर, जाऊन-येऊन एक दिवस. परळला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाणार असाल तर खालचा बर्थ बघा आणि सगळ्या तपासण्या एकाच खेपेत बसतात का ते आधी फोन करून विचारा.

कडकभाकरी

हाडाच्या भीतीवर थोडक्यात. लेट्रोझोलने सांधे धरतात, हे अगदी नेहमीचं. ओळख : दोन्ही बाजूंना, सकाळी जास्त, हालचाल केली की सुटतं, बोटं-मनगट-गुडघे-कंबर असं फिरतं. काळजीचं दुखणं वेगळं : एकाच जागी, दोन आठवडे उलटले तरी हटत नाही, वाढतच जातं, रात्री झोपेतून उठवतं. असं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. तेव्हा बोन स्कॅन लागला तर तो योग्य कारणाने लागला.

सांध्यांसाठी रोज अर्धा तास चालणं, आठवड्यातून दोनदा हलकं वजन. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चालतील. मे महिन्यात चालणं सकाळी सातच्या आत उरका. दुखतंय म्हणून लेट्रोझोल परस्पर बंद करू नका, औषध बदलून मिळतं.

वाट न पाहता दाखवायच्या इतर गोष्टी : स्तनात, व्रणावर, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर नवी गाठ, कातडीला नवी खळी, लाली, बोंडातून रक्त, दोन-तीन आठवडे न हटणारा खोकला किंवा धाप, उलटीसह सतत डोकेदुखी, कावीळ, कारण नसताना वजन उतरणं. हात लाल होऊन सुजला आणि ताप आला तर त्याच दिवशी. ही यादी फ्रीजवर लावा. यादीत नाही ते पुढच्या ओपीडीच्या प्रश्नांत.

मनाचीवही

वरच्यांना +१. आता दहादा काखेत जाणाऱ्या हाताबद्दल, कारण तिथे चक्र फिरतंय. सारखं दाबलं की जागा हुळहुळी होते, हुळहुळी झाली की दुखते, दुखली की पुन्हा दाबून बघावंसं वाटतं. नुसतं "हात लावू नको" म्हणून थांबत नाही, त्याला वेळ नेमून द्यावी लागते. महिन्याची १ तारीख, अंघोळीच्या वेळी, मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, एकदाच. पुढच्या ओपीडीत सर्जनना सांगा, "आईचा हात धरून दाखवा, यातला व्रण कुठला, बरगडी कुठली." आपला व्रण हाताला कसा लागतो हे एकदा कळलं की वेगळं काही असेल तर तेही कळतं.

काळजीलाही तशीच वेळ. रोज संध्याकाळी, समजा साडेपाच ते पावणेसहा, एक वही घेऊन बसायचं. डोक्यात येईल ते लिहायचं, कितीही भयंकर असो. प्रत्येक ओळीपुढे खूण : यावर आज काही करता येतं का? येत असेल तर काय, ते लिहायचं (सीडी पिशवीत ठेवणे, डॉक्टरांना विचारणे). येत नसेल तर नुसती रेघ. वेळ संपली की वही बंद. दिवसभरात विचार आला की "साडेपाचला". पहिले चार-पाच दिवस हे हास्यास्पद वाटतं, त्यात सोडू नका. झोपायच्या आधी मात्र वही नको.

रात्री वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून बसायचं. मंद दिव्यात हाताला काम द्या, शेंगा सोला, लसूण निवडा. मोबाइल नको. छातीत धडधड झाली तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं.

बोलायचं काय? "काही होत नाही" यावर त्या चिडतात, कारण ते खोटं आहे हे त्यांना माहीत आहे. हमी तुमच्याकडे नाही. "भीती वाटणारच, तारखेला मी बरोबर आहे, पहिली फिल्म ते डॉक्टर सगळीकडे" एवढं पुरतं. मग गप्प बसा, चहा टाका. आणि नातेवाइकांचे "काय झालं रिपोर्टचं?" हे फोन एकाच माणसाने घ्यावेत. "रिपोर्ट आला की आम्हीच कळवू" हा निरोप ग्रुपवर आधीच टाकून ठेवा.

दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं, तारीख पुढे ढकलावीशी वाटू लागली, किंवा "जगून काय करायचं" असं तोंडून निघालं तर सरळ मानसोपचारतज्ज्ञ. शेवटचं असेल तर त्याच दिवशी, एकटं न सोडता. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. शेजारणीची झोपेची गोळी अजिबात नको. आणि मानसोपचारतज्ज्ञांना कॅन्सरची औषधं सांगायलाच हवीत : टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची दुसरी हार्मोनची गोळी) चालू असेल तर फ्लुओक्सेटीन आणि पॅरॉक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं टाळतात, टॅमॉक्सिफेनचं काम त्यांनी अडतं. लेट्रोझोलला ती अडचण नाही, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

जुनीमिल_चाळ

सगळ्यांचे आभार. पेट रद्द. ओपीडी गुरुवारची मिळाली, मॅमोग्राफी मंगळवारी घेतली. रिपोर्ट माझ्या नंबरवर येईल, सकाळीच उघडायचा आणि तिला लगेच सांगायचा, असं आईनेच ठरवलं. वहीला ती "हे काय नवीन" म्हणाली, पण वही घेतली.

एक राहिलं : डेक्सा त्याच मंगळवारी उरकली तर चालेल का?

क्ष_किरण

चालेल. दोन्हीचा एकमेकींना त्रास नाही, उपाशी राहायलाही नको. फक्त कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून थांबवा. पोटात न विरघळलेली गोळी कमरेच्या मणक्यावर दिसली तर आकडा चुकतो. आणि धातूची बटणं, हुक, साखळी घरी ठेवून जा. कॅल्शियम डेक्सा झाली की त्याच रात्री सुरू.