शैली, बाज, धाटणी, संकेत : ‘जॉनर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

आमच्या चित्रपट मंडळात येत्या रविवारी जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) दाखवायचा आहे. प्रेक्षकांच्या हातात द्यायचं एक पानी टिपण मी मराठीत लिहिते आहे आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. लिहिलं होतं : ‘कौटुंबिक शैलीच्या चित्रपटांत ओझूने स्वतःची शैली निर्माण केली.’ मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा खटकलं. पहिली ‘शैली’ सगळ्यांची आहे, दुसरी एकट्या ओझूची. शब्द मात्र एकच.

फरक काय आहे ते मला दिसतं, पण नाव सापडत नाही. साध्या माणसांच्या घरातल्या गोष्टी सांगणारे चित्रपट त्या काळी जपानमध्ये भरपूर निघत. तिकडे त्यांना ‘शोमिन-गेकी’ म्हणतात आणि ओझू ज्या शोचिकू कंपनीत होता तिची ती खासियतच होती. लग्नाचं वय झालेली मुलगी, विधुर बाप, स्थळ घेऊन येणारी आत्या, हे सगळं प्रेक्षकाच्या ओळखीचं. पण ओझू कॅमेरा इतका खाली ठेवतो की चटईवर बसलेल्या माणसाकडेही आपण किंचित खालून पाहतो. आणि अख्खा चित्रपट ज्या लग्नाभोवती फिरतो ते लग्न तो दाखवतच नाही. नवरामुलगा एकदाही पडद्यावर येत नाही. लग्न उरकून बाप रिकाम्या घरी परत येतो, खुर्चीवर बसतो, सफरचंद सोलायला घेतो. सालाची लांब पट्टी लोंबत जाते, खाली पडते आणि त्याची मान झुकते. बस्स.

पहिल्या गोष्टीला, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘जॉनर’ म्हणतात त्या चित्रपटाच्या प्रकाराला, एक शब्द हवा, दुसऱ्या गोष्टीला वेगळा. सुचवाल का?

प्रतिसाद

जॉनर म्हणा आणि मोकळ्या व्हा. तिकीट काढताना, मालिका निवडताना सगळे हेच म्हणतात. टेबल, स्टेशन, सिनेमा घेतलेच ना आपण? टिपण वाचणाऱ्याला कळणं महत्त्वाचं.

प्रतिसाद

जॉनर हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, पण तो आल्याने ताईंची अडचण सुटत नाही. अडचण ‘शैली’ची आहे. हल्ली हिंदीच्या वळणाने आणि यंत्राने केलेल्या भाषांतरांमुळे ‘शैली : थरार’, ‘शैली : विनोदी’ असं जिथे तिथे दिसू लागलं आहे. मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुलांना ‘लेखकाची शैली’ समजावून सांगताना जो शब्द वापरला, तो असा घाऊक वापरला गेला की जीव कळवळतो.

शैली हा शब्द शीलापासून आला. शील म्हणजे स्वभाव, वागण्याची अंगी मुरलेली रीत. म्हणजे शैली ही माणसाची असते. प्रकाराला शील नसतं, भुताच्या गोष्टींना सामायिक स्वभाव नसतो. त्या सांगणाऱ्याला असतो. गंमत अशी की युरोपातला ‘स्टाइल’ हा शब्द लॅटिन ‘स्टिलस’वरून आला, मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी. त्यांनी हातातल्या वस्तूवरून नाव दिलं, आपण आतल्या स्वभावावरून. पण दोन्ही वाटा पोचतात एका माणसापाशीच. १९४८ मध्ये अलेक्सांद्र आस्त्र्यूक या फ्रेंच समीक्षकाने कॅमेऱ्याला लेखणी म्हटलं आणि १९५४ मध्ये त्र्यूफो या दुसऱ्या फ्रेंच समीक्षकाने ‘काइये द्यु सिनेमा’ या मासिकातल्या लेखात तोच धागा पुढे नेला, तेव्हा सांगणं हेच होतं की पटकथा हातात आली तशी चित्रित करणारा वेगळा आणि चित्रपटाचा खरा कर्ता वेगळा. (अशा खऱ्या कर्त्यासाठीच्या ‘ऑतर’ या फ्रेंच शब्दाला मी ‘कर्ता’च म्हणतो. घरातला कर्ता माणूस आपल्याला माहीत आहे, वाक्यातला कर्ताही.)

आता जॉनर. हा फ्रेंच शब्द लॅटिन ‘गेनुस’मधून आला आणि त्याचं मूळ आपल्या ‘जन्’ धातूशी एकच आहे. म्हणजे जॉनर आणि जात ही एकाच घरातली भावंडं. मराठी छंदःशास्त्रात ‘जाती’ हा शब्द मात्रावृत्तांसाठी आजही चालतो. चित्रपटाला ‘जात’ म्हणवणार नाही, त्या शब्दावर केवढं ओझं आहे ते आपण जाणतो. ‘जातकुळी’ मात्र चालते : ‘त्याच जातकुळीतला आणखी एक चित्रपट.’

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे याहून चांगली सोय आधीपासून आहे आणि ती वापरायची आपण विसरलो. ‘पट’! संतपट, तमाशापट, भयपट, रहस्यपट, युद्धपट, चरित्रपट, विनोदपट, स्टंटपट. पट म्हणजे कापड. चित्र काढलेलं कापड तो चित्रपट. या एका प्रत्ययाने मराठीने नव्वदएक वर्षांत जॉनरची अख्खी यादी तयार केली. नवा प्रकार आला की पुढे शब्द लावायचा, मागे पट. मग ताईंना लागणारा शब्द ‘कुटुंबपट’. सगळ्या प्रकारांना मिळून एक नाव हवं असेल तर साधं ‘चित्रपटप्रकार’.

प्रतिसाद

सरांचं ‘पट’ पटलं. पण एक जागा रिकामी राहिली. आत्या स्थळ आणते, बाप एकटा असतो, हे जे ठरलेलं असतं त्याला काय म्हणायचं? ‘नियम’ नाही म्हणता येणार, कारण मोडला तर दंड नाही. ‘रूढी’ म्हटलं की सती आणि केशवपन आठवतं. ‘साचा’ म्हणजे आधीच नापसंती आली, ‘साचेबद्ध’ ही काही कोणाची स्तुती नव्हे.

मी ‘संकेत’ म्हणेन. संस्कृत काव्यात कविसंकेत असतात : चकोर चांदणं पितो, चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट सोसते, सुंदरीची लाथ बसली की अशोक फुलतो. कवीलाही ठाऊक असतं की असं होत नाही, वाचकालाही ठाऊक असतं. दोघांनी आपसांत ठरवलेलं असतं. संकेत म्हणजे मुळात हेच, दोघांनी आधी ठरवलेली खूण. प्रेमिकांनी भेटायची ठरवलेली जागा ते संकेतस्थळ, वेबसाइटच्या कितीतरी आधीचं. तमाशापट बघायला बसलो की आपलंही असंच ठरलेलं असतं : वाड्यावरचा पाटील येणार, दौलतजादा होणार, फडावरच्या बाईपायी कुणाचा तरी संसार मोडणार.

आणि संकेत एकदा बाजूला काढले की उरतं काय तेही नीट दिसतं. शांतारामांचा ‘पिंजरा’ (१९७२) घ्या. मूळ गोष्ट योसेफ फोन स्टर्नबर्गच्या ‘द ब्लू एंजल’ची (१९३०). तिथे कॅबरेतल्या गाणारीपायी धुळीला मिळालेला प्राध्यापक शेवटी आपल्या जुन्या वर्गात जातो आणि टेबलाला घट्ट धरून मरतो. इकडे कॅबरेचा तमाशा झाला, प्राध्यापकाचा गावचा मास्तर झाला. हे संकेतांचं भाषांतर, कुठल्याही हुशार माणसाला जमलं असतं. पण डॉ. लागूंचा मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपात उभा राहतो आणि गप्प राहून शिक्षा पत्करतो, कारण गावाने ज्या आदर्श मास्तरचा पुतळा उभारला तो मनातून फुटता कामा नये. ते तमाशापटात कुठे ठरलेलं नव्हतं. ते शांतारामांचं. ‘दो आँखें बारह हाथ’ काढणाऱ्या माणसालाच सुचेल असं. सर म्हणतात ते शील हेच ना?

प्रतिसाद

हेच. मला याहून चांगलं उदाहरण देता आलं नसतं.

पुन्हा प्रश्नकर्ती

किती सुंदर! पण मग बाज आणि धाटणी कुठे बसवायच्या? ‘लावणीचा बाज’ म्हणतो तेव्हा तो सगळ्या लावण्यांचा, की एका शाहिराचा? शिवाय आमच्याकडे ‘दादांचा पिक्चर’ म्हटलं की माणूसही कळतो आणि प्रकारही. ‘सोंगाड्या’ (१९७१) तर दिग्दर्शित केला होता गोविंद कुलकर्णींनी, तरी तो दादा कोंडक्यांचाच. तिथे शैली कुणाची म्हणायची?

आणखी एक. हिचकॉक आपल्या चित्रपटांत एखाद्या क्षणी स्वतः दिसून जातो, तीही शैलीच का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून येतो. ती शैली नव्हे, मुद्रा. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तशी. मुद्रा कुणालाही लावता येते. तुकोबांच्या नावावर इतरांनी रचलेले अभंग आहेतच, त्यांतही ‘तुका म्हणे’ असतं. आणि खऱ्या अभंगातून ते दोन शब्द काढून टाकले तरी तुकोबा लपत नाहीत. हिचकॉकचं दिसून जाणं काढून टाका, हिचकॉक तिथेच राहतो. बाँब कुठे आहे ते प्रेक्षकाला आधी सांगून पात्राला अंधारात ठेवणं, ती शैली.

उलटा प्रवासही होतो. ‘व्हर्टिगो’त (१९५८) जिना खोल खोल जाताना दिसतो ती युक्ती अशी : कॅमेरा मागे न्यायचा आणि त्याच वेळी भिंगाने दृश्य जवळ ओढायचं. इर्मिन रॉबर्ट्स या छायाचित्रकाराने ती काढली. तिथे ती एका माणसाच्या भोवळीसाठी होती. ‘जॉज’मध्ये (१९७५) किनाऱ्यावर बसलेल्या पोलीसप्रमुखाच्या चेहऱ्यावर ती पुन्हा आली आणि आता धक्का दाखवायची ठरलेली खूणच झाली आहे. एकाची शैली दुसऱ्याचा संकेत होते ती अशी. दादांचंही तेच. लोंबती नाडी आधी एका माणसाची होती. पुढे स्नेहसंमेलनात कुणीही चड्डीची नाडी सोडून आला की अख्खं सभागृह ओळखू लागलं. शैली दिग्दर्शकाचीच असली पाहिजे असं कुठे आहे? ज्याच्या शीलाने चित्रपट चालतो त्याची.

बाज आणि धाटणी मी मधल्या जागेसाठी ठेवतो. ‘जुन्या धाटणीचं घर’ म्हणतो तेव्हा घडण डोळ्यांपुढे असते. ‘ग्रामीण बाजाची कथा’ म्हणतो तेव्हा बोलण्या-वागण्याचा ढंग असतो. दोन्ही एका माणसाचे नसतात, अख्ख्या प्रकाराचेही नसतात. एखादा रहस्यपट विनोदी बाजाचा असू शकतो. प्रकार रहस्यपटाचाच, बाज वेगळा.

हा वाद जुना आहे, ताई. वामन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याच्या रीती, म्हणजे लिहिण्याच्या पद्धती, सांगितल्या आणि त्यांना प्रदेशांची नावं दिली : वैदर्भी, गौडी, पांचाली. आपल्या विदर्भाचं नाव त्यात पहिलं. पुढे कुंतक या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने हे मोडून काढलं. मामेबहिणीशी लग्न करणं हा एखाद्या प्रदेशाचा रिवाज असू शकतो, पण काव्य करणं तसं प्रदेशावर ठरत नाही, असं तो म्हणतो. ते ठरतं कवीच्या स्वभावावर. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये बसून त्याने तुमच्या वाक्यातल्या दोन ‘शैली’ वेगळ्या केल्या होत्या.

आणि त्याच्याही आधी दंडी या काव्यशास्त्रकाराने एक गोष्ट कबूल केली आहे, जी मला वर्गात सांगताना दरवेळी भरून यायचं. तो म्हणतो, काव्य लिहिण्याचे मोठे मार्ग दोन, त्यांच्यातला भेद मी सांगितला. पण एकेका कवीचा वेगळेपणा सांगता येणार नाही. ऊस, दूध, गूळ यांच्या गोडीत केवढं अंतर आहे, तरी ते शब्दांत सांगणं सरस्वतीलाही जमणार नाही. तुम्ही सफरचंदाच्या सालाबद्दल लिहून पुढे ‘बस्स’ लिहिलंत ना, तिथे मला दंडी आठवला.

प्रतिसाद

जॉनर म्हणा असं लिहिणारा मीच. बोलताना मी जॉनरच म्हणेन, पण ‘शैली’ आता त्या अर्थाने वापरणार नाही. ओझूबद्दल विचारायचं होतं : याच विषयावर त्याने पुन्हा चित्रपट काढला ना?

पुन्हा प्रश्नकर्ती

हो. ‘लेट ऑटम’मध्ये (१९६०) पुन्हा लग्नाची मुलगी, फक्त बापाऐवजी आई. आणि ती आई कोण, तर ‘लेट स्प्रिंग’मधली मुलगी झालेली सेत्सुको हारा. १९६२ मध्ये, अखेरच्या चित्रपटात, पुन्हा बाप आणि मुलगी. बाप तोच चिशू र्‍यू. प्रकार तोच, संकेत तेच, आणि तरी दरवेळी घर रिकामं झालं की घशाशी येतं.

टिपणातलं वाक्य आता असं केलं आहे : ‘कुटुंबपटाचे सगळे ओळखीचे संकेत ओझू पाळतो. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि काय दाखवायचं नाही, ही त्याची शैली.’ पुढच्या परिच्छेदात सफरचंद ठेवलं आहे. ऊस, दूध, गूळ पानात बसत नव्हते. ते रविवारी चित्रपट सुरू होण्याआधी मी तोंडी सांगेन. सर, तुमच्या परवानगीने.

प्रतिसाद

माझी परवानगी कशाला? दंडीचं नाव तेवढं सांगा. आणि ‘कुटुंबपट’ छापण्याआधी टंकलेखन नीट तपासा, ‘कुटूंब’ होतं बहुतेकदा.