ड्रायरमधल्या हवेचा हिशेब : थोडी भर

कांद्याचे काप वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये ३०° सेल्सिअसची हवा हीटरने ६०° पर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्या बाष्पाच्या किती टक्के बाष्प आहे ते) ७० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते. म्हणजे हीटरने हवेतले पाणी काढून टाकले का, असा प्रश्न पडतो. पाणी तेवढेच राहते. तापमान वाढल्यामुळे संपृक्त बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त बाष्प असताना त्या बाष्पाचा दाब) मात्र ३०° सेल्सिअसला असलेल्या ४.२५ किलोपास्कलवरून ६०° ला सुमारे १९.९ वर जातो, म्हणून टक्केवारी घसरते. त्यामुळे हिशेब टक्केवारीत न करता दर किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम बाष्प आहे, त्यात करावा.

समुद्रसपाटीच्या दाबाला वरील हवेत हे प्रमाण १८.८ ग्रॅम येते. ती ६०° ला कांद्याच्या कापांवरून फिरून ४२° ला बाहेर पडली आणि भिंतींतून उष्णता गेली नाही असे धरले, तर एन्थाल्पी (हवा आणि बाष्प यांच्यातली एकूण उष्णता) जवळपास स्थिर राहून प्रमाण सुमारे २६ ग्रॅम होते. म्हणजे किलोमागे ७.३ ग्रॅम पाणी उचलले गेले, आणि एक किलो पाणी काढायला साधारण १३७ किलो हवा लागली. नाशिक-पुण्याच्या उंचीवर दाब कमी असल्याने सुरुवातीचेच प्रमाण २० ग्रॅमच्या आसपास निघते. समुद्रसपाटीच्या दाबासाठी केलेला आर्द्रतेचा तक्ता तिथे तसाच वापरू नये.

मोजमापात मी स्वतः एकदा फसलो आहे. आर्द्रता काढण्यासाठी टोकाला भिजलेली कापडी वात गुंडाळलेला, म्हणजे ओला, थर्मामीटर वापरतात. त्याची वात टोकाशी सुकून कडक झाली होती आणि तो ३२° ऐवजी ५० च्या वर दाखवत होता. हिशेबाआधी वात भिजलेली आहे ना, हे बोट लावून पाहावे.