गच्चीवरच्या अँटेनापर्यंत २० मीटर केबल: कोणती कोॲक्स आणि कोणते कनेक्टर?

गच्ची_१४५

नमस्कार मंडळी. हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स आणि कॉलसाइन हातात आले आहेत. पावसाळ्याआधी घरी स्टेशन उभे करायचे आहे. घर रत्नागिरीत, समुद्र जवळ, तळमजला आणि वर दोन मजले. रेडिओ तळमजल्यावर. खोलीतून गच्चीपर्यंत १४ मीटर आणि मास्टवर ६ मीटर धरून एकूण २० मीटर कोॲक्स (मधली तार आणि भोवती जाळी असलेली) केबल लागेल.

मास्टवर १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झचा ड्युअल-बँड व्हर्टिकल (उभी अँटेना), खाली ५० वॅटचा मोबाइल रिग (रेडिओ). शिवाय ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झ) तारेचा डायपोल अँटेना, त्याची केबल वेगळी, लांबी साधारण तेवढीच.

घरात आरजी-५८ कोॲक्सचे एक बंडल पडून आहे. डिश टीव्हीच्या कामातून उरलेली ३० मीटर आरजी-६ सुद्धा आहे. आरजी-५८ तात्पुरती जोडून पाहिली तर ४३५ वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचे माप, १ म्हणजे आदर्श) १.३ आला. म्हणजे हीच चालेल का? आणि सगळीकडे पीएल-२५९ लावू की एन-टाइप?

सात_मेगा

अभिनंदन! पण ४३५ वरचा तो १.३ आकडा फसवा आहे, आधी तेवढे पाहू.

आरजी-५८ मध्ये ४३५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे ३६ डीबी (डेसिबल; दर ३ डीबीला पॉवर निम्मी) जातात. तुमच्या २० मीटरमध्ये ७.२ डीबी. रिगमधून ५० वॅट निघाले तर अँटेनाच्या पायाशी पोचतात साडेनऊ. अँटेनाने परत पाठवलेली लहरही त्याच केबलमधून खाली येताना आणखी ७.२ डीबी गमावते. म्हणून वरची अँटेना काढून केबलचे टोक उघडे ठेवलेत, तरी खालचा मीटर एसडब्ल्यूआर १.५ च्या आसपासच दाखवेल. अँटेना असो वा नसो, मीटर खूश! करून बघा, दोन मिनिटांचे काम आहे.

आता तीन प्रकारच्या केबलचा २० मीटरचा हिशेब, ५० वॅट सोडल्यावर वर किती पोचतात:

आरजी-५८: १४५ वर २० वॅट, ४३५ वर ९.५ वॅट
आरजी-२१३: १४५ वर ३३, ४३५ वर २३
एलएमआर-४००: १४५ वर ४०, ४३५ वर ३३

तोटा ऐकण्यातही तेवढाच होतो, हे नवीन मंडळी विसरतात. जास्त पॉवरचा रिग घेऊन पाठवण्यातला तोटा भरून निघेल, कानाला आलेला बहिरेपणा तसाच राहील. त्यामुळे पैसे आधी केबलमध्ये घाला.

ड्युअल-बँडसाठी एलएमआर-४०० किंवा त्या दर्जाची १० मिमी फोम केबल घ्या. एवढी जाड केबल खिडकीतून आणणे जमत नसेल तर ६ मिमीची एलएमआर-२४० हा मधला मार्ग आहे. १४५ वर ३१ वॅट पोचतील, म्हणजे जवळजवळ आरजी-२१३ इतकेच.

डायपोलला मात्र तुमची आरजी-५८ खुशाल वापरा. ७ मेगाहर्ट्झला २० मीटरमध्ये जेमतेम पाऊण डीबी जातो, समोरच्याला फरक कळणारही नाही. फीडपॉइंटशी (केबल डायपोलला जोडते तिथे) एफटी-२४०-४३ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) त्याच केबलचे ११-१२ वेढे घालून चोक करा, नाहीतर केबलची बाहेरची जाळीच अँटेनासारखी वागू लागते आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा सगळा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो. केबल थोडी कापल्यावर एसडब्ल्यूआर बराच बदलला, तरी पहिला संशय या चोकवरच घ्यायचा.

डाख_आणि_तार

वरच्या आकड्यांशी सहमत. एक भर: ते आकडे अस्सल मालाचे आहेत. बाजारात 'एलएमआर-४०० टाइप' म्हणून जे मिळते त्यात जाळी इतकी विरळ असते की आतला पांढरा फोम डोळ्यांना दिसतो. दुकानातच टोकाचे ५ सेंमी सोलून बघा. मधली तार एकसंध आणि २.७४ मिमी हवी (व्हर्नियर खिशात ठेवा), फोमला ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चिकटलेली हवी आणि तिच्यावर कथील चढवलेल्या तांब्याची दाट जाळी हवी. आरजी-२१३ ची मधली तार ७ पदरी, एकूण २.२५ मिमी.

हाच फरक कनेक्टर घेताना नडतो. दोन्ही केबल बाहेरून सारख्याच १०.३ मिमी. दुकानदार एकच एन-टाइप दोन्हींसाठी देतो, आणि घरी आल्यावर आरजी-२१३ ची पिन २.७४ च्या तारेवर बसत नाही. मग लोक तार कानसीने घासून बारीक करतात. असे कधीही करू नका. आत ॲल्युमिनियम आहे आणि वर तांब्याचा पातळ थर. तो घासला गेला की उघडे ॲल्युमिनियम डाख धरत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात सांधा गंजतो. कनेक्टर केबलचे नाव सांगूनच मागा.

पीएल-२५९ की एन? १४५ पर्यंत पीएल-२५९ ने काही बिघडत नाही. ४३५ वर त्याचा इम्पिडन्स ५० ओहम राहत नाही आणि ते मीटरवर दिसते, पण तेवढ्यासाठी मी घाबरणार नाही. गच्चीवर एन घ्या असे मी सांगतो ते पाण्यामुळे. एनच्या आत रबरी रिंग असते, पीएल-२५९ मध्ये पाणी अडवणारे काहीच नसते. अँटेना अजून घेतली नसेल तर एन सॉकेटवालीच घ्या. खाली रिगला जे सॉकेट असेल तेच कनेक्टर थेट केबलवर लावा. ॲडॅप्टरवर ॲडॅप्टर चढवले की प्रत्येक सांधा सैल होण्याची एकेक जागा वाढते.

आरजी-२१३ वर पीएल-२५९ लावायचा झाल्यास: बाहेरची फिरकी रिंग आधी केबलवर सरकवा (हे विसरले की सगळा डाख उकलावा लागतो). जॅकेट टोकापासून २८ मिमी काढा. मधली तार १६ मिमी उघडी करा, जाळी त्याच्याही मागे दीड मिमीवर कापा आणि उरलेल्या जाळीला पातळ कथील द्या. कनेक्टर फिरवत आत बसवा. चार भोकांमधून जाळीला डाख द्यायला ८०-१०० वॅटचे, जाड टोकाचे सोल्डरिंग आयर्न हवे. २५ वॅटचे आयर्न बॉडीला टेकवून धरले तर बॉडी तापेपर्यंत आतले पॉलिथिन मऊ होते, मधली तार सरकून जाळीला टेकते आणि शॉर्ट! निकेलचा मुलामा असेल तर भोकांच्या कडा आधी कानसीने खरवडा. चांदीचा मुलामा आणि पांढरे टेफलॉन असलेला कनेक्टर मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या, डाख लोण्यासारखा पसरतो.

एलएमआर-४०० ला मी डाखाच्या वाटेला जाणार नाही. फोम त्याहून लवकर वितळतो. क्रिम्प (दाबून बसवायचे) कनेक्टर आणि १०.९ मिमीची षट्कोनी डाय (दाबायचा साचा) वापरा. झाल्यावर मल्टिमीटर लावून केबल हलवत तपासा.

कौलारू

रत्नागिरी म्हटल्यावर खारी हवा आणि पाणी यांवर बोलायलाच हवे. केबल बहुधा मधून खराब होत नाही, टोकातून पाणी पिते. एकदा थेंब जाळीत शिरला की वातीसारखा खाली ओढला जातो, तांबे काळे-हिरवे पडते आणि एसडब्ल्यूआर मात्र सुधारल्यासारखा दिसतो. कारण सात_मेगा यांनी वर दिलेच आहे.

गच्चीवरच्या सांध्यावर आधी स्वतःलाच चिकटणारी काळी रबर टेप. ओढून रुंदी निम्मी होईपर्यंत ताणायची, अर्धी-अर्धी चढवत न्यायची. शेवटचा थर खालून वर, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात आणि पाणी वरून घसरून जाते. वरून खाली गुंडाळले तर प्रत्येक पदर पाणी झेलणारी पन्हळ होतो. त्यावर चांगल्या पीव्हीसी टेपचे दोन थर, उन्हापासून रबर वाचवायला. आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन कनेक्टरजवळ नको. सुकताना ते ॲसिटिक ॲसिड सोडते आणि तांबे खाते.

केबल खिडकीतून आत घेण्याआधी बाहेर खाली झोळ द्या, पागोळी तिथेच गळून पडते. मास्टवर दर पाऊण मीटरला काळ्या यूव्ही-टाइने बांधा; केबलचे वजन कनेक्टरवर लोंबकळू देऊ नका. एलएमआर-४०० एकदाच वाकवायची असेल तर २५ मिमी त्रिज्येपर्यंत चालते, सतत हलणारी असेल तर १०० मिमीच्या आत नको. म्हणूनच टेबलावर ती थेट रिगला लावू नये. भिंतीशी संपवा आणि पुढे मीटरभर लवचिक केबलचा तुकडा घ्या.

त्याच भिंतीवर, बाहेरच्या बाजूला, गॅस ट्यूबचा लाइटनिंग अरेस्टर. त्याचा अर्थिंग रॉड घराच्या अर्थिंगला जोडलेला हवा, दोन स्वतंत्र अर्थिंग ठेवू नका. वळवाचे ढग दिसले की तरीही केबल काढून बाहेर ठेवा.

गच्ची_१४५

टोक उघडे ठेवून पाहिले. ४३५ वर खरेच १.५! १४५ वर २.३. ड्युअल-बँडला एलएमआर-४०० घेतो, वर एन, डायपोलला आरजी-५८. आरजी-६ चे काय करू?

सात_मेगा

१४५ वर जाऊन-येऊन ८ डीबी, म्हणजे २.३ अगदी बरोबर आहे. ही पद्धत लक्षात ठेवा: नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचे छोटे यंत्र) मिळाला तर टोक उघडे ठेवून रिटर्न लॉस (परत आलेली लहर किती डीबीने कमी झाली) मोजा, त्याचा निम्मा आकडा म्हणजे त्या केबलचा तोटा. नवी केबल लावल्या दिवशी मोजून वहीत लिहा, दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. आकडा वाढला की पाणी शिरले.

आरजी-६ चा तोटा कमी असतो, पण ती ७५ ओहम. ५० ओहमच्या अँटेनावर वाईटात वाईट २.२५ एसडब्ल्यूआर होईल, म्हणजे रेडिओला सहसा इजा नाही. अडचण कनेक्टरची आहे: जाळी ॲल्युमिनियमची, डाख घेत नाही, एफ कनेक्टर आणि ॲडॅप्टर लावावे लागतात. ती आरटीएल-एसडीआर डोंगलला (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) फक्त ऐकण्यासाठी वापरा, तिथे झकास चालते. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).

डाख_आणि_तार

डोंगलचा विषय निघालाच आहे तर: त्याचे एसएमए (छोटे पेचाचे कनेक्टर) आणि वायफाय राउटरचे उलट्या पिनचे एसएमए बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, पेचही बसतो, आत मात्र पिनसमोर भोक येत नाही. पिगटेल (कनेक्टर लावलेला केबलचा छोटा तुकडा) घेताना आत डोकावून बघा: बाहेरून आटे आणि मध्ये भोक, ही झाली साध्या एसएमएची मादी. नराला आतून आटे आणि मध्ये पिन.