एयासी सरोवराकाठच्या हाड्झा वस्तीला भेट कशी आखावी?

वाटसरू:
ऑगस्टमध्ये टांझानियात अरुशाहून न्गोरोंगोरो अभयारण्याला जायचं आहे, वाटेत कराटू गावी दोन मुक्काम आहेत. तिथून एयासी सरोवराकाठी शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांना भेटावं असं मनात आहे. टूरवाले म्हणतात, पहाटे निघा, शिकार बघा, जेवायला परत या. एवढ्यात काही नीट कळतं का? पैसे कसे द्यायचे? आणि मुळात जावं का?

रानवाटा:
जा, पण एक मुक्काम कराटूऐवजी सरोवराकाठी करा. कराटू ते सरोवराजवळचं मांगोला गाव, कच्च्या, धुळीच्या रस्त्याने दीड-दोन तास लागतात आणि शिकारी उजाडताच निघतात. कराटूहून अंधारात धडपडत आलात की ते निघून गेलेले असतात, किंवा तुमच्यासाठी थांबून राहतात. दुसरं जास्त वाईट, कारण मग शिकारीचा नुसता देखावा उरतो.

ऑगस्ट कोरडा असल्याने रस्त्याची अडचण नाही. मार्च ते मे मात्र चिखलात गाडी रुतते. सरोवर सोड्याचं आणि उथळ आहे. कोरड्या दिवसांत पाणी मागे हटून पांढरी पापुद्र्याची जमीन उघडी पडते. ती वरून कडक दिसली तरी खाली ओल असू शकते, गाडी तिच्यावर घालायची नाही.

मांगोल्यात हाड्झा भाषा येणारा स्थानिक वाटाड्या घ्याच. टाळूवर जीभ आपटून काढलेले टिचक्यांसारखे आवाज असलेली ही भाषा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नात्याची ठरलेली नाही. बहुतेकांना स्वाहिली येते, पण ड्रायव्हरच्या स्वाहिलीवर भागवलंत तर गप्पा दोन वाक्यांत संपतात.

बाभूळबन:
शिकारीबरोबर जाताना तीन-चार जणांच्या वर नको. पुरुष एकटे किंवा दोघं-तिघं फिरतात. मागे आठ जणांचा घोळका चालला की जनावर दिसण्याआधीच पळतं. चाल झपाझप असते. जाड तळव्याचे बंद बूट, लांब पँट आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या, कारण बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात.

बाण नीट बघा. पक्ष्यांसाठी नुसतं तासलेलं लाकडी टोक असतं. मोठ्या जनावरासाठी लोखंडी पातं असतं, त्यावर अडेनियम या झुडपाच्या रसाचं नाहीतर स्ट्रोफॅन्थस या वनस्पतीच्या बियांचं विष लावलेलं असतं. हे विष हृदय बंद पाडतं, म्हणून पात्याला हात लावू नका. ही पाती बऱ्याचदा शेजारच्या दातोगा या गुरं पाळणाऱ्या जमातीतले लोहार खिळे आणि भंगार ठोकून बनवतात. त्यांची भट्टीही बघण्यासारखी आहे.

बऱ्याचदा हाती एखादा पक्षी लागतो, किंवा काहीच नाही. 'काहीतरी मारून दाखवा' असं सुचवूसुद्धा नका. त्यापेक्षा बायकांबरोबर कंद खणायला जा. टोक तासून विस्तवावर कडक केलेल्या काठीने त्या मोठे दगड बाजूला सारून कंद काढतात, भाजतात, चावून चोथा थुंकतात. गोरखचिंचेचा गर आणि बोरांसारखी रानफळंही त्याच आणतात. वस्तीचं पोट चालतं ते बरंचसं यावर, तरी पाहुणे धनुष्याच्याच मागे धावतात.

खारपट्टी:
पैशांबद्दल. वाटाड्याची फी आणि वस्तीचा वाटा वेगवेगळा किती, ते निघण्याआधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा वाटाड्या बघा. फोटोगणिक सुट्या नोटा वाटू नका. रस्त्यालगतच्या वस्त्यांत पर्यटकांचे पैसे दारूत जातात आणि मग शिकार, कंद दोन्ही मागे पडतं. दारू नेऊ नका, पाजू नका. शिलिंग कराटूच्या एटीएममधून काढून घ्या.

जावं का, तर हाड्झा सगळे मिळून हजार-तेराशेच आहेत आणि गुरं, कांद्याची शेती त्यांच्या रानात शिरते आहे. 2011 मध्ये एयासीजवळच्या याएडा खोऱ्यात त्यांना सामूहिक जमीनहक्काची प्रमाणपत्रं मिळाली. वाटाड्याशी याविषयी जरूर बोला. नीट भेट दिली तर रान राखण्याला थोडा आधार मिळतो, घाईच्या भेटीने तेही होत नाही.

वाटसरू:
आभार. मुक्काम हलवतो. आठवण म्हणून बाण घेतला तर चालेल?

बाभूळबन:
बाणाला पक्ष्यांची पिसं लावलेली असतात. पिसं, कातडं, साळिंदराचे काटे असलेल्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेताना विमानतळावर अडचण येऊ शकते. मण्यांच्या माळा घ्या, आणि बनवणाऱ्या बाईच्याच हातात पैसे द्या.