शिक्षण सुटलेले, हाताला काम नसलेले तरुण आणि तालुक्याचे वाचनालय

प्रश्न (कार्यकारिणी सदस्य, 'ब' वर्ग वाचनालय):
आमची अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेली असते. मात्र दहावी-बारावीला अडखळून किंवा पदवी अर्धवट सोडून घरी बसलेली, शिक्षणातही नाहीत आणि कामातही नाहीत अशी १८ ते २५ वयाची मुले-मुली आमच्याकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी वाचनालयाने नेमके काय करावे?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल):
आधी आपण त्यांना काय विचारतो ते पाहावे. पुस्तक घरी नेण्यासाठी अनामत घेणे रास्त आहे. परंतु मुक्तद्वार विभागात, म्हणजे सभासद नसतानाही बसून वाचता येते तिथे, वर्तमानपत्र चाळणाऱ्या मुलाला 'कोणत्या परीक्षेची तयारी चालली आहे?' असे विचारले, की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याचे नाव शाळेच्या पटावर राहिलेले नसते आणि नोकरी देणारा अनुभव मागतो. काहीही सिद्ध न करता बसता येईल अशी जागा त्याला क्वचितच मिळते. तो रुळला की माहिती द्यावी. १७ नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसता येते, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि अर्जाची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, हे अनेकांना मुदत उलटल्यावरच कळते. ही तारीख फलकावर ठळक लावणे मला व्याख्यानमालेपेक्षा महत्त्वाचे वाटते.

उत्तर २ (वाचक सभासद):
मुलींचा प्रश्न वेळेचा आहे. घरकाम आटोपून त्यांना दुपारी सवड मिळते आणि नेमकी तेव्हाच बरीच वाचनालये बंद असतात, तर संध्याकाळी त्यांना घरून पाठवत नाहीत. दुपारचे दोन तास उघडे ठेवल्याशिवाय स्वतंत्र महिला विभागाची पाटी लावण्यात फारसा अर्थ नाही.

उत्तर ३ (ग्रंथपाल, 'ड' वर्ग वाचनालय):
सूचना पटतात, पण १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील अनुदान वाचनालयाच्या 'अ' ते 'ड' या वर्गानुसार मिळते, त्यात 'ड' सर्वांत खालचा, आणि आमच्यासारख्या ठिकाणी उघडण्या-झाडण्यापासून नोंदीपर्यंत सारे एकाच माणसाकडे असते. म्हणून आम्ही संगणकावर अर्ज भरून देत नाही. शेजारी बसून त्यांच्याकडूनच भरून घेतो. वेळ अधिक जातो, हे खरे, परंतु पासवर्ड त्यांच्याकडेच राहतो आणि पुढचा अर्ज ते स्वतः भरतात.

प्रश्नकर्ते:
आभारी आहे. दुपारच्या वेळेचा विषय पुढील सभेत मांडतो. त्या दोन तासांच्या मानधनाची तरतूद कोणी वर्गणीतून केली असल्यास कृपया कळवावे.