‘संशोधन’, ‘शोध’ आणि ‘अभ्यास’: कोणत्या विषयाला कोणता शब्द?

प्रश्न

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात मी पीएच.डी.चा आराखडा तयार करीत आहे. विषय गिरणगावातील भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्यांचा आहे. शीर्षकात ‘संशोधन’ हा शब्द असावा असे मला वाटते, तर माझ्या मार्गदर्शक बाई ‘चिकित्सक अभ्यास’ असे सुचवितात. भौतिकशास्त्रात काम करणाऱ्या माझ्या मामेभावाचे म्हणणे असे की, जिथे प्रयोग होत नाही आणि काही मोजले जात नाही, त्याला फार तर ‘अभ्यास’ म्हणावे. हिंदी संदर्भग्रंथांत मात्र सगळीकडे ‘शोध’ आणि ‘अनुसंधान’ हेच शब्द दिसतात. या शब्दांच्या अर्थांत खरोखर असा विषयवार भेद आहे काय?

पहिले उत्तर

विषयवार भेद नाही, आणि असलाच तर तो आपल्या मामेभावांच्या म्हणण्याच्या उलट दिशेने जाईल. ‘संशोधन’ या शब्दात ‘शुध्’ हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ शुद्ध करणे, दोष काढून टाकणे. हा अर्थ मराठीत आजही जिवंत आहे, फक्त तो ‘मुद्रितशोधन’ या शब्दात आणि आयुर्वेदातील ‘शोधन’ चिकित्सेत जाऊन बसला आहे. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे जुने संस्कृत ग्रंथ पाहावेत. तेथे संपादकाच्या नावापुढे ‘संशोधितम्’ असा शब्द आढळतो. अनेक पोथ्या समोर ठेवून, पाठ ताडून, लेखनिकांच्या चुका वगळून ग्रंथ सिद्ध केला, असा त्याचा आशय. आपल्या वह्यांचे काम या अर्थाच्या जितके जवळ आहे, तितके प्रयोगशाळेतील काम नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 या काळात पूर्ण केली. त्या कामाला कोणी नुसता अभ्यास म्हटल्याचे ऐकिवात नाही.

हिंदीचा गोंधळ वेगळा आहे. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो, ती तिकडे ‘संविधान संशोधन’ होते. त्यामुळे तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) एकाच संस्थेचे नाव मराठीत ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ आणि हिंदीत ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’ असे आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही हिंदीत ‘अनुसंधान संस्थान’ होते. गुजराती आणि कन्नड या शेजारी भाषांत मात्र ‘संशोधन’ हा शब्द आपल्याच अर्थाने चालतो. बंगाली आणि मल्याळम यांनी ‘गवेषणा’ उचलला. हरवलेल्या गाई शोधण्यावरून आलेला हा शब्द मराठीतही अधूनमधून लिहिला जातो, पण तो लिहिणाऱ्याची विद्वत्ता जितकी दाखवितो तितका अर्थ दाखवीत नाही. ‘अन्वेषण’ हा चांगला शब्द गुन्हे अन्वेषण विभागाने आपल्याकडे घेतल्यामुळे, वह्यांचे अन्वेषण म्हटले की भजनी मंडळी बिचकतील.

दुसरे उत्तर

वरील व्युत्पत्ती मान्य आहे. परंतु शब्दाचा आजचा अर्थ व्युत्पत्तीवरून ठरत नाही, तो त्याच्या क्रियापदांवरून ठरतो. मराठीत विज्ञानविषयक लेखन करताना मला ‘संशोधन’पेक्षा ‘शोध’ या शब्दाने अधिक अडविले आहे. ‘शोध घेणे’ म्हणजे प्रयत्न, ‘शोध लागणे’ म्हणजे सापडणे, आणि ‘शोध लावणे’ म्हणजे श्रेय. संशोधन मात्र केवळ ‘करता’ येते; ते लागत नाही आणि लावताही येत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे संशोधन करूनही एकही शोध न लागणे हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, आणि कोणत्याही विद्याशाखेत ती अपमानास्पद स्थिती नाही.

‘शोध लावणे’ या एकाच प्रयोगात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. आधीपासून असलेले नियम किंवा ग्रह सापडणे हा शोध, आणि पूर्वी नसलेले यंत्र बनविणे हाही शोध. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मराठी पुस्तके याला सर्रास ‘लशीचा शोध लावला’ असे म्हणतात. माझ्या मते तेथे ‘लस तयार केली’ हेच अचूक आहे. हिंदीला ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ अशी जोडी उपलब्ध आहे. आपण ‘आविष्कार’ कलेला देऊन टाकला, आता तो परत मागण्यात अर्थ नाही.

प्रयोगाच्या अटीविषयी. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या 30 अँटेना प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या आहेत. स्पंदकांवर (पल्सार ताऱ्यांवर) तेथे कोणी प्रयोग करीत नाही, कारण ताऱ्यावर प्रयोग करता येत नाही. तेथे निरीक्षण होते आणि निरीक्षणांचा अर्थ लावला जातो. शुद्ध गणितात तर निरीक्षणही नसते, सिद्धता असते. तेव्हा प्रयोगाची अट खरोखर लावायची ठरली, तर कुलाब्याच्या त्याच संस्थेतील गणितज्ञांनाही ‘अभ्यासक’ म्हणावे लागेल. (मुंबईत बहुसंख्य लोकांच्या मनात ‘प्रयोग’ म्हटल्यावर शिवाजी मंदिरातील नाटक येते, हा भाग निराळा.)

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण या संदर्भात फार उपयोगी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. त्यांनी प्राचीन आहत (ठसे उमटविलेली) नाणी तोलली. चलनात फिरताना नाणे झिजते, त्यामुळे सरासरी वजन घटत जाते आणि नाण्यानाण्यातील तफावत वाढत जाते, हे संख्याशास्त्राने तपासून त्यांनी नाण्यांच्या कालक्रमाविषयी अनुमाने काढली. त्याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची अनेक हस्तलिखिते ताडून 1948 मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पहिल्या कामात तराजू आहे, दुसऱ्यात पोथ्या. दोन्हींना वेगळी नावे द्यावीत असे त्यांच्या एकाही वाचकाला वाटू नये.

तिसरे मत

दोन्ही उत्तरे ‘संशोधन’ शब्दाला फार सैल सोडतात, असे मला वाटते. मराठीच्या विभागांत वाङ्मयसंशोधन आणि वाङ्मयसमीक्षा यांत पूर्वापार भेद केला जातो व तो राखण्यासारखा आहे. रचना कोणाची, कधीची, मूळ पाठ कोणता, हे पुराव्याने ठरविणे हे संशोधन. ती चांगली का वाटते याचा विचार ही समीक्षा. आणि मुळात काव्य म्हणजे काय याची तात्त्विक चर्चा ही मीमांसा. दादरच्या मराठी संशोधन मंडळाचे पहिले संचालक अ. का. प्रियोळकर यांनी मराठीत पाठचिकित्सेची जी शिस्त घालून दिली, ती पहिल्या प्रकारची होती. समीक्षेला ‘संशोधन’ म्हटल्याने तिचा मान वाढत नाही. उलट तिच्याकडून चुकीच्या प्रकारचा पुरावा मागितला जातो. समाजशास्त्रातील सर्वेक्षण आणि मुलाखती यांविषयी मला अधिकाराने लिहिता येणार नाही, मात्र तेथेही माहिती गोळा करणे म्हणजेच संशोधन नव्हे, एवढे तत्त्व लागू असावे.

प्रश्नकर्तीचा खुलासा

आभारी आहे. वह्यांमध्ये एकाच अभंगाचे चार-पाच पाठ आहेत आणि काही ठिकाणी गाणाऱ्यांनी स्वतःच्या ओळीही घातल्या आहेत. त्यामुळे ‘चूक’ काढून ‘मूळ’ पाठ गाठणे हे माझे उद्दिष्ट नाही. अशा वेळी ‘शुद्ध करणे’ हा अर्थ आड येत नाही काय? आणखी एक शंका: ‘पूर्वी झालेली संशोधने’ असे अनेकवचन आराखड्यात चालेल काय?

पहिल्या उत्तरदात्याकडून

अर्थ आड येणार नाही, कारण येथे शुद्ध करावयाची वस्तू अभंग नसून त्याविषयीची आपली समजूत आहे. कोणती ओळ कोणत्या वहीतून, कोणाच्या हातची आणि कोणत्या सुमाराची, हे नीट वेगळे केले की काम झाले. घातलेल्या ओळी तर जपून ठेवाव्यात, कारण आपला खरा विषय त्याच आहेत.

‘संशोधने’ हे रूप व्याकरणाने चुकीचे नाही, परंतु कानाला खटकते. वृत्तपत्रांतील ‘एका संशोधनानुसार’ या शब्दप्रयोगात बहुधा एकच शोधनिबंध अभिप्रेत असतो. तेथे ‘शोधनिबंध’ किंवा ‘पाहणी’ म्हणावे, म्हणजे कशाविषयी बोलत आहोत हे उघड राहते. आराखड्यात ‘या विषयावरील पूर्वीचे संशोधन’ असे एकवचन पुरेसे आहे. शीर्षकात मात्र ‘संशोधन’ आणि ‘चिकित्सक अभ्यास’ हे दोन्ही टाळता येतील: पीएच.डी.चा प्रबंध संशोधनाचाच असतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. ‘गिरणगावातील भजनी मंडळांच्या वह्या : पाठ, परंपरा आणि वापर’ असे शीर्षक आपल्या बाईंना दाखवून पाहावे. ‘संशोधनपद्धती’ हे प्रकरण आराखड्यात राहीलच, आणि पाठभेद कसे नोंदविणार हे त्यात सविस्तर लिहावे.