गाडीत पाणी झिरपले, तेव्हा तुम्ही ती कशी वाळवली? (अनुभव धागा)

कारेलीबागकर :
आज सकाळी शेजाऱ्यांनी गाडीच्या पुढच्या सीट काढून ओट्यावर ठेवल्या होत्या. ओल्या गोणपाटासारखा तो कुबट वास आला आणि आमची जुनी गाडी आठवली. पावसाळ्यात तिची डावीकडची मॅट रोज ओली मिळे. मी मॅट उन्हात घाली, कार्पेट जुन्या धोतराने टिपून घेई, आणि वरून सारे कोरडे लागे. तीन आठवड्यांनी कार्पेटची कड उचलली, तर खालचा जाड फोम दाबताच बोटांमधून काळपट पाणी निथळले. पत्र्यावर तांबेराही चढला होता. पाणी वायपरखालच्या पन्हळीतून येत होते, कारण गाडी कडुलिंबाखाली उभी असे आणि त्याच्या काड्यापानांनी निचऱ्याचे भोक बुजले होते. आपलेही अनुभव कृपया लिहावेत.

मांजलपूरची मावशी :
आमच्याकडे पावसाचा संबंधच नव्हता. ऐन मे महिन्यात पाय ओले होत. एसी चालू असताना गाडीखाली जे पाणी ठिबकते, ते ठिबकणे बंद झाले आहे हे यजमानांच्या लक्षात आले, आणि नळी तुंबल्याचे कळले. ती साफ व्हायला दहा मिनिटे लागली, कार्पेट वाळायला मात्र चार दिवस. पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव असते; मग गॅरेजच गाठावे.

अकोटेकर :
ऑगस्ट 2024 च्या पुरात वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत चढले होते. ओसरल्यावर मुलगा चावी फिरवायला निघाला, त्याला मी हात धरून थांबवले, कारण इंजिनात पाणी असताना ते सुरू केले तर आतले दांडे वाकतात, आणि साध्या सर्वसमावेशक विम्यात ते नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. आधी फोटो काढले, मग बॅटरीची तार सोडवली. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात, म्हणून सीट मेकॅनिककडूनच उतरवून घेतल्या. गटाराचे पाणी मिसळलेले होते, तेव्हा फोम वाळवत न बसता टाकून दिला. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहिला, तर शेवटच्या हातभर पट्टीवर गाळाचा थर बसलेला होता. तो साबणाच्या पाण्याने तीनदा धुतला.

समावाली ताई :
स्वयंपाक आटोपता आटोपता लिहीत आहे. काका, तुमचे वाचून फार वाईट वाटले. आमच्या गल्लीतही त्या वेळी हीच दशा होती. एक सांगते, पावसाळी दमट हवेत रात्रभर काचा उघड्या ठेवू नयेत, बाहेरचाच दमटपणा आत येतो. आम्ही काचा लावून रोज अर्धा तास एसी चालवत असू.

कारेलीबागकर :
मावशी, चार दिवसांत फोम खरोखर आतपर्यंत वाळला, हे कसे ओळखलेत?

मांजलपूरची मावशी :
कार्पेटखाली लाकडी ठोकळे सरकवून टेबलफॅनचा झोत सरळ फोमवर सोडला होता. रोज रात्री पंखा बंद केला की फोमखाली वर्तमानपत्राची घडी दाबून ठेवत असे. तीन सकाळी ती सर्द निघाली. चौथ्या दिवशी कागद हातात कुरकुरला, तेव्हाच कार्पेट परत बसवले.